दोन खोल्यांमधली किटली

मी किटली बोलतेय. पण चहाची समजू नका. चहाच्या किटल्या रुवीतल्या हॉटेलांत पैशाला पासरी मिळतात. मी कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, पितळेची, पोपटाच्या चोचीची. इथे ओमानात मला दल्ला म्हणतात. निझव्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. त्या ठोक्यांचा राग अजून पोटात आहे, म्हणून मी जरा फटकळ आहे.

यासिर अर्बाबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला विकत घेतलं. सरकारी पाहुण्यांचं खाणंपिणं सांभाळणं हा त्यांचा धंदा. त्यांनी मला उस्मानच्या हातात दिलं, त्याला बावीस वर्षं झाली. उस्मान रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. त्याच्या डाव्या हातात मी आणि उजव्या हातात फिंजानांची चवड. फिंजान म्हणजे बिनकानाची इवलीशी वाटी. तिच्यात कहवा घोटभरच ओतायचा. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ होतो, 'प्या आणि चालते व्हा.' पाहुण्याने फिंजान हलवला की पुरे झालं, बोलायची गरज नाही. अर्बाबांचा नियमही तोच: कान बंद, तोंड बंद. तो मोडला की खलास, नोकरीही गेली आणि व्हिसाही.

अमेरिकन पाहुणे मी पुष्कळ पाहिले. येतात, घड्याळ बघतात, नकाशा उघडतात. जगात कुठेही भांडण असो, ते यांच्याच अंगणातलं असल्यासारखे बोलतात. इराणशी तर यांचं जुनं वैर. इथे येतात ते बोलायला, पण समोरासमोर बसायचं नाही. एका खोलीत हे, दुसऱ्या खोलीत ते, आणि मधल्या बोळातून आमचे ओमानी साहेब निरोप पोचवतात. दोन्ही खोल्यांत जाणारी दुसरी मी.

पूर्वी एकदा दोघांत अणुकरार झाला होता. मग वॉशिंग्टनला नवे साहेब आले, त्यांना तो पसंत पडला नाही, त्यांनी अंग काढून घेतलं. पुढे पुन्हा बोलणी सुरू झाली. एकदा तर फेरीची तारीख ठरली होती, फिंजान धुऊन पालथे घातले होते, आणि दोनच दिवस आधी तिकडे इराणवर बॉम्ब पडले. पाहुणे आलेच नाहीत. मी घासूनपुसून तशीच बसून राहिले. तेव्हापासून माझा कोणाच्या तारखेवर भरवसा नाही.

यंदा समुद्रावर धरपकड सुरू झाली. अमेरिकेने इराणी तेलाचं एक जहाज धरलं. उत्तर म्हणून इराणने दुसरं एक धरलं. त्या दुसऱ्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये उस्मानचा मुलगा उजैर होता. तेल कोणाचं, झेंडा कोणाचा, वैर कोणाचं, आणि अडकला कोण, तर आमचा उजैर! चौऱ्याऐंशी दिवस झाले. जहाज कंपनी एकच सांगायची, प्रयत्न चालू आहेत. फोन एकदाच आला होता, अर्ध्या मिनिटाचा.

मोठी ड्यूटी असली की उस्मान मला आदल्या दिवशी वादी अदाईच्या घरी न्यायचा, कारण त्याच्या बायकोसारखी, सफियासारखी, मला कोणी घासत नाही. चिंचेने घासते, अगदी चोचीच्या टोकापर्यंत. या वेळी तिने मला सकाळी घासलं आणि हात पुसून उस्मानपुढे एक चिठ्ठी धरली.

"उजैरचं नाव, जहाजाचं नाव, पासपोर्टचा नंबर. सगलं लिवलंय. आत द्या कोणाला तरी."

"कोणाला देऊ? इराणवाल्यांना दिली तर ते बोलतील, सुरुवात अमेरिकेने केली. अमेरिकावाल्यांना दिली तर ते बोलतील, ते जहाज आमच्याकडे कुठाय?"

"मग दोगांना दावा."

"अगो, तिथे तोंड उघडलं तर संध्याकाळी आपण दोघं विमानात!"

"बावीस वर्षं पाजताय त्यांना," सफियाचा आवाज फुटला. "एवढ्यात एक मागणं मागता येत नाय?"

 उस्मानने चिठ्ठीची बारीक घडी केली, माझं झाकण उघडलं आणि माझ्या पोटात टाकली.

समुद्राकाठच्या त्या बंगल्याच्या फाटकावर फोन काढून घेतात, खिसे तपासतात. पहारेकऱ्याने उस्मानची टोपीसुद्धा उलटी करून पाहिली. मग त्याची नजर माझ्यावर गेली. त्याने झाकणावर बोट ठेवलं. बावीस वर्षांत मी कधी गार असताना घामेजले नव्हते. 

"कहवा?" पहारेकऱ्याने विचारलं.

"कहवा," उस्मान म्हणाला.

"यल्ला."

आत जाऊन त्याने चिठ्ठी छातीच्या खिशात घातली आणि मला भरलं. पहिली खोली इराणवाल्यांची. तिथे त्याने नीट ओतलं, पण प्रत्येक पाहुण्यापुढे क्षणभर जास्त थांबला. एकाने वर पाहिलंसुद्धा. मी मनात म्हटलं, दे बाबा, आत्ता दे! त्याचा हात खिशापर्यंत गेला आणि पुन्हा फिंजानांवर आला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त दया आली.

मग बोळ ओलांडून अमेरिकनांची खोली. तिथे मुख्य साहेब आमच्या हमूद साहेबांना सुनावत होते. हमूद साहेब म्हणजे निरोप पोचवणारे ओमानी, पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे.

"त्यांनी आधी जहाज सोडावं," मुख्य साहेब टेबलावर बोट आपटत म्हणाले. "नाहीतर आणखी चार जहाजं धरायची आमची तयारी आहे."

जहाज हा शब्द ऐकला आणि उस्मानचं ओतण्याकडचं लक्ष उडालं. कोपऱ्यातल्या टिपणं घेणाऱ्या तरुण अमेरिकनाचा फिंजान त्याने काठोकाठ भरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या बिचाऱ्याला त्यातलं काय कळणार? त्याने एवढा कहवा बघून तोंड वाकडं केलं आणि फिंजान तसाच टेबलावर ठेवून दिला.

हमूद साहेब बोलता बोलता थांबले. त्या तरुणाकडे झुकून म्हणाले, "सांगा, काय मागणं आहे तुमचं?"

"माझं? काही नाही!"

"आमच्याकडे ज्याचं काही मागणं असतं, तो फिंजान न पिता खाली ठेवतो. यजमानाने विचारल्याशिवाय उचलत नाही."

सगळे हसले. तरुण लाजला आणि एका दमात सगळं प्यायला. हमूद साहेबही हसले, पण त्यांची नजर उस्मानच्या हातावर होती. भरून वाहिलेले थेंब त्यांनी पाहिले होते.

थोड्या वेळाने विश्रांती झाली आणि ते स्वतः स्वयंपाकघरात आले. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "उस्मान, आज तू भी पी मेरे साथ."

उस्मानने दोन फिंजान भरले, घोटघोटभर. एक साहेबांना दिला. दुसरा आपल्यासमोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. फिंजानाला शिवला नाही. वाढप्याने असं करायचं नसतं. मी तर डोळेच मिटले असते, असते तर.

हमूद साहेबांनी त्या फिंजानाकडे पाहिलं. मग स्वतःचाही खाली ठेवला.

"बोलो. क्या चाहिए?"

उस्मानने चिठ्ठी काढली. बोलायला गेला, पण "मेरा बेटा" एवढंच निघालं. साहेबांनी ती दोनदा वाचली.

"मैं वादा नहीं कर सकता, उस्मान. सिर्फ पूछ सकता हूँ."

"पूछो साहेब. दोनों को पूछो."

पुढे जे झालं ते मी माझ्या चोचीने पाहिलं. इराणवाल्यांच्या खोलीत उस्मानने ओतलं, हमूद साहेबांनी फिंजान घेतला आणि न पिता खाली ठेवला. तिथले वयस्कर गृहस्थ समोरच्या किनाऱ्यावरच्या बंदर अब्बासकडचे, त्यांना ही रीत ठाऊक होती. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. चिठ्ठी वाचून परत दिली, पण त्याआधी आपल्या वहीत काहीतरी उतरवून घेतलं.

अमेरिकनांच्या खोलीत मात्र हमूद साहेबांनी खाली ठेवलेला फिंजान तसाच राहिला. मुख्य साहेब बोलत होते, निर्बंध, आरमार, मुदत. कहवा गार होत होता. उस्मान भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या बोटांची पकड मला सहन होत नव्हती. मुख्य साहेबांनी कागद आवरायला घेतले. तेवढ्यात कोपऱ्यातला तो तरुण उठला.

"सर, एक मिनिट. त्यांनी कहवा प्यायलेला नाही."

"मग?"

"त्यांना काहीतरी मागायचंय, सर."

 हमूद साहेबांनी चिठ्ठी टेबलावर सरकवली आणि म्हणाले, "तुम्ही दोन्हीकडचे ज्याला नुसतं जहाज म्हणता, त्यात हा मुलगा आहे. याचा बाप सकाळपासून तुम्हाला पाजतोय."

मुख्य साहेबांनी पहिल्यांदाच उस्मानच्या तोंडाकडे पाहिलं.  मग चिठ्ठी त्यांनी फाइलच्या बाहेर नाही, आत ठेवली.

स्वयंपाकघरात परतल्यावर हमूद साहेब म्हणाले, "ना किसी ने नहीं बोला. अब पी ले."

"उजैर आएगा, तब पिऊंगा, साहेब. इन्शाल्ला."

बातम्यांत आलं, चर्चा उपयुक्त झाली. यासिर अर्बाबांना सगळं कळलं. त्यांनी उस्मानला दोन खोल्यांच्या कामावरून काढलं, घरी मात्र पाठवलं नाही. हमूद साहेबांनी शब्द टाकला असावा. आता तो लग्नाच्या मंडपात दुसरी किटली घेऊन फिरतो.

नऊ दिवसांनी मला घासायला वादी अदाईला नेलं, तेव्हा सफियाचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"अम्मी," उजैर म्हणाला. "आज इथला अफसर आला. एवढे दिवस नुसतं 'ए, इंडियन' म्हणायचे. आज नाव घेऊन हाक मारली, उजैर उस्मान! आणि विचारलं, तुझा बाप कहवा देतो का? अब्बांनी काय केलं गो?"

सफिया चिंचेच्या हातांनी तोंड झाकून रडली. उस्मान खिडकीशी उभा राहिला.

उजैर अजून सुटलेला नाही. परवा पुढची फेरी आहे, आणि सामुद्रधुनीत म्हणे आणखी जहाजं आली आहेत. माझ्या पितळेत आज सफियाचं तोंड दिसतंय, इतकी मी चकचकीत आहे. बंगल्याच्या स्वयंपाकघरात उस्मानने न प्यायलेला तो फिंजान फळीवर वेगळा ठेवलाय. कोणीतरी तो धुतं, पुसतं, पण त्यात कोणाला काही ओतू देत नाही.

दोन्ही खोल्यांतल्या साहेबांनो, मी आहे किटली, मला तुमच्या नकाशातलं काही कळत नाही. परवा मी पुन्हा तुमच्यापुढे येईन. या वेळी हात उस्मानचा नसेल. तरी ओतणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघा. तो फिंजान मला भरायचाय.