बिगरीचा कोंडवाडा

प्रमिलाबाईंनी बिगरीची पोरं शाळेबाहेर नेली, तेव्हा गावाला वाटलं बाईंनी शाळा बुडवली. पिंपळनेरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात, सन अडतीसच्या सुमारास, शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि गिरधर मास्तरांचा निरगुडीचा फोक. पहिल्या दिवशी बाप पोराला मास्तरांपुढे उभं करी आणि सांगे, मांस तुमचं, हाडं आमची. मास्तरांनी हा करार वीस वर्षं इमानानं पाळला. हाड एकाचंही मोडलं नाही.

प्रमिलाबाई धुळ्याच्या. पुण्याला ट्रेनिंग घेऊन आलेल्या. पाच वर्षांच्या पोरानं माती, पाणी, किडे-मकोडे हाताळावेत, अक्षरं मागाहून येतात, असं त्यांना तिथं शिकवलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. शाळा तपासणाऱ्या डिपोटी साहेबांनी होळीपर्यंत परवानगी दिली. मात्र गावाकडून एक जरी लेखी तक्रार आली, तर पोरं परत खोलीत आणि बाई परत धुळ्याला.

गावाची कुरकुर होतीच. मातीतून सुटावं म्हणून पोरगं शाळेत घातलं, आणि बाई त्याला मातीतच नेऊन बसवतात. गावात अर्ज लिहिता येणारे एकटे गिरधर मास्तर, आणि ते दौत उघडूनच बसलेले. पण पोरं सकाळी आपणहून शाळेत पळत होती. घरातली सकाळची एक मारहाण कमी झाल्यानं आया खूश होत्या. अर्ज कुणी दिला नाही.

नाल्याकाठच्या पडीत पोरांनी माघात एक कोंडवाडा बांधला, शेणकिड्यांचा. हद्द ओलांडणारा किडा आत, आणि सोडवायला दंड एक बोर. चार दिवस पोरं कुठून कुठून नारळाएवढे दगड आणत होती. एकाला एक उचलेना, तर दोघं मिळून उचलत. बाई हरखल्या. दगड मोजायला लावून त्यांनी पोरांना तेवीसपर्यंत नेलं. दगड कुठले, हे मात्र विचारलं नाही. धुळ्याच्या गल्लीत दगड म्हणजे दगड.

ते वना आणि निंबा यांच्या बांधाचे होते.

हे दोघे चुलतभाऊ. दरसाल पेरणीआधी वना बांधाचे दगड बोटभर निंबाच्या शेतात सारी आणि निंबा ते बोटभर परत आणी. त्यावरून दरसाल एखादं डोकं फुटे. आज्यापासून चालत आलेली रीत होती, आणि तिला मर्यादाही होती. सगळा बांधच नाहीसा करावा इतका नीचपणा आजवर कुणी केला नव्हता.

सोमवारी सकाळी वना बैल घेऊन आला आणि बांध नाही हे बघून त्यानं आधी काही विचारलं नाही. निंबाचा थोरला, पंडित, जवळ होता. बैल टोचायची पराणी वनानं त्याच्या मांडीत घातली. निंबानं कुऱ्हाड फिरवली, ती वनाचा अर्धा कान घेऊन गेली. घटकाभरात दोन्हीकडचे भाऊबंद आले, अकरा आणि नऊ. काठ्या डोक्यात बसू लागल्या. एकाचा जबडा निखळला आणि तो तसाच शिव्या देत राहिला. त्या कुणाला कळल्या नाहीत, पण लागल्या.

नाल्यावर बिगरी ओळीनं बसून हे बघत होती. इतकं लक्ष तिनं आजवर कशात दिलं नव्हतं. मग कुणीसं सहज म्हणालं की बाई, आपण दगड घेतले ते तिथलेच.

सांगितलं तर शाळा मिटली. न सांगितलं तर कुणाला कधी कळणारही नव्हतं. बाई उभ्या राहिल्या, बसल्या. तेवढ्यात पंडित कोसळला आणि वनानं निंबाच्या हातची कुऱ्हाड हिसकावून पंडितच्या मानेवर उचलली. बाई धावत मध्ये शिरल्या आणि ओरडल्या, दगड माझ्या पोरांनी नेलेत.

कुऱ्हाड वर थांबली. वनाच्या कानातून रक्त गळत होतं.

"मास्तरीनबाई, हाई पोरेसनं काम नही शे."

निंबानं तोंडातला दात थुंकला आणि वनाला दुजोरा दिला. "तीन पिढीनं वैर शे आम्हनं. पोरेसना खेळ नही शे."

दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. मग निंबाचा धाकटा भिकन पुढे झाला. कौतुक होईल अशा समजुतीनं त्यानं वनाच्या पोरीचा हात धरला.

"मी आनि बेबानी उचला. बेबाले भलता जोर शे."

दगड गेले हे एक वेळ सोसलं असतं, वैऱ्याच्या पोराशी जोडी नाही. निंबाची काठी भिकनवर आली. बाईंनी हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज नाल्यापर्यंत गेला. दुसरी काठी भिकनच्या डोळ्यावर बसली. तिकडे वनानं बेबाला वेणीला धरून फरपटलं आणि लाथा घातल्या. भाऊबंदही आपापली पोरं शोधू लागले. सगळ्यांचे हात असे गुंतल्यानं पंडित वाचला.

दुपारी शाळेच्या ओट्यावर गिरधर मास्तरांनी सुरेख मोडीत अर्ज लिहिला: सदर बाई बालकांस दुसऱ्याची हद्द मोडण्यास शिकवितात. खाली दोन अंगठ्यांची जागा सोडली. हात झोळीत बांधलेल्या बाई समोर बसून होत्या. गाडी केव्हा मिळेल एवढंच त्या विचारणार होत्या.

"पहिला अंगठा मना," वना म्हणाला. "दगड मना गयात."

"तुना कधी व्हतात?" निंबा म्हणाला.

मास्तरांनी दोन्ही अंगठे शेजारी शेजारी उठवायची तोड काढली. मग डावीकडे कोण, हा प्रश्न निघाला. वनानं निंबाच्या नरड्याला हात घातला, निंबानं दौत त्याच्या कपाळावर फोडली आणि सोडवायला गेलेल्या मास्तरांच्या नाकाचं हाड मोडलं. अर्ज पायाखाली शाई आणि रक्त पिऊन मऊ झाला.

एकट्यानं अर्ज द्यावा, तर दुसरा बिगरी चालू ठेवा म्हणून अर्ज देणार. वनानं तसं चारचौघांत सांगितलंच. बिगरी एकट्या वनाची होऊ नये म्हणून निंबानं भिकनला दुसऱ्या दिवशी मुद्दाम शाळेत पाठवलं. निंबाचा पोरगा जातो आणि आपली पोर का नाही, म्हणून वनानं बेबाला पाठवलं.

एकतीसपैकी नऊ पोरं आली. भिकनचा एक डोळा मिटलेला, बेबा लंगडत. दोघं लांब लांब बसली, मग हळूहळू जवळ आली.

"मंग आते कोन्ता दगड लेवाना, बाई?" बेबानं विचारलं.

बाईंनी डाव्या हातानं नाल्याच्या पात्राकडे बोट केलं आणि पोरांच्या मागोमाग उतरू लागल्या, जपून, कारण तोल जात होता.