जोंजूचा वाडगा आणि आप्पांचं ताट

मित्रांनो, मला बघून तुम्हाला वाटेल, हा कुठल्या तरी खलबत्त्यातला खल. वाटू द्या. मी कोरियातल्या जोंजू गावचा जुना दगडी वाडगा आहे. डोंगरातला दगड कोरून मला घडवलं, मिठाच्या पाण्यात उकळलं, तेल पाजलं आणि एका म्हाताऱ्या बाईच्या खाणावळीत कामाला जुंपलं. बिबिम्बाप हे जोंजूचं नावाजलेलं जेवण. भातावर पाच-सात रंगांच्या भाज्या मांडायच्या, मधोमध तिखट, अंडं, मांस, आणि जेवणाऱ्यानं सगळं कालवून खायचं. मी असा तापतो, की टेबलावर आल्यावरही भात चरचरत राहतो. तारीफ मात्र बाईची व्हायची. मला काय, मी दगड.

प्रियदर्शनी त्या गावात शिकायला आली होती. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. बाईच्या हाताखाली ती रांधायला शिकली, पण मांस-अंड्याला कधी शिवली नाही. निघताना बाईनं मला तिच्या पिशवीत घातलं.

आता पाचगणीत तिचं छोटं हॉटेल आहे. तिथला बिबिम्बाप जैन पद्धतीचा. कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही. पडवळ, काकडी, लाल भोपळा, पालेभाजी. कोरियात तिखट महिनोन्महिने आंबवतात, पण आंबवलेलं जैनांना वर्ज्य, म्हणून ही रोज सकाळी ओली मिरची वाटते. गिऱ्हाइकांना कोरे करकरीत वाडगे. माझ्यात ती एकटी जेवायची.

तिचे वडील रामगोंडा आप्पा दोन वर्षांत तिथं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. "त्या मुलखात काय खाल्लं, काय प्यालं, कुणाला ठावं," असं ते गावात म्हणायचे. ते तिच्या कानावर यायचं आणि फार लागायचं. आप्पांनी एकदा आपल्या हातचं जेवावं, एवढीच तिची इच्छा होती. शेवटी आप्पांच्या गावातल्या शेजाऱ्यानं, लालासाहेबांनी, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांनी, आप्पांना गाडीत घालून आणलं.

दिवस मावळायला तासभर होता. त्यानंतर आप्पा जेवत नाहीत. प्रियदर्शनीनं मुद्दाम मलाच काढलं, कारण माझ्या तळाला धरते तशी भाताची खुसखुशीत खरवड नव्या वाडग्यांत धरत नाही. मायेपोटी चूक झाली ती हीच. आप्पांनी हात धुतले, समोर बसले आणि घास न घेताच विचारलं, "भांडं जुनं दिसतंय. ह्यात आदी काय शिजायचं गं?"

तिचा चेहराच उतरला. लालासाहेब तिच्या कानाशी कुजबुजले, "नवं हाय म्हण की! कुणाला कळतंय? जेवू दे म्हाताऱ्याला!"

खरं होतं ते. तिथं मला आतून ओळखणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि दगडाची साक्ष कोण काढतो!

"आप्पा," ती म्हणाली, "ह्यात लय वर्षं मांस शिजलंय. मी उकळून घेतलं आणि चालतंय असं धरून बसले. माझं चुकलं. तुमी नका जेवू ह्यातलं."

आप्पांनी मला बाजूला सारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भरलेलाच परत निघालो होतो. मला वाईट वाटलं, लपवत नाही.

"आणा हिकडं," म्हणत लालासाहेबांनी मला ओढलं. "फौजेत काय काय खाल्लंय, सांगितलं तर उठून पळशीला!"

आप्पा हसले नाहीत. लेकीला म्हणाले, "परदेशी भांडं, त्यात मांस शिजलेलं आसणार, एवढं मला कळत न्हाई व्हय? तू खरं सांगतीस का, ते बघायचं हुतं. दोन वर्षं त्याचाच घोर लागलाता." मग खिडकीबाहेर बघून म्हणाले, "दिवस हाय अजून. कुकर लाव. स्टीलचं ताट काढ."

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. त्याच भाज्या, तेच तिखट, साध्या ताटात. आप्पांनी सगळं कालवलं, भुरके मारत खाल्लं आणि ताट पुढं केलं. "वाढ अजून." वाढताना तिचे डोळे भरून आले होते, ते तिनं पुसलेही नाहीत.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या दगडी भांड्याला साबण लावू नका, दगड तो पिऊन बसतो. तापलेल्याला गार पाण्यात घालू नका. आणि आत पूर्वी काय शिजलंय असं कुणी विचारलं, तर सांगून टाका. भांडं बाजूला सारलं गेलं तरी चालेल, जेवणारा पानावरून उठून जात नाही.