साठीपुढचा अभ्यास

धाकटीच्या कामाचं नाव घरात कुणी घेत नसे. पन्नाशी उलटली तरी घरात ती धाकटीच, आणि तिचं काम म्हणजे नुसतं 'ते'. थोरला भाऊ, दादा, चारचौघांत तिची ओळख हाडांची डॉक्टर म्हणून करून द्यायचा. त्यामुळे व्हायचं काय, की कुठल्याही समारंभाला गेलं की दोन-चार म्हातारी माणसं आपापले गुडघे घेऊन हिच्यासमोर हजर. ही शांतपणे सांगायची, "मला गुडघ्यातलं काही कळत नाही. मी माणसांच्या लैंगिक आयुष्याचा अभ्यास करते." गुडघे जागच्या जागी बरे व्हायचे. दादा मग दिवसभर तिच्याशी अबोला धरायचा, आणि वहिनी मात्र तिला कोपऱ्यात गाठून हळूच काहीतरी विचारून घ्यायची.

उभी हयात तिने याच कामात घातली होती. नव्यानं लग्न झालेली जोडपी, पोटासाठी घर सोडून राहणारे कामगार, वसतिगृहातल्या परिचारिका, सगळ्यांशी ती बोलली. माणसं काय करतात यापेक्षा काय बोलत नाहीत, आणि ते न बोलायला त्यांना शिकवलं कुणी, याचा तिला जास्त शोध. शरीर सगळीकडे सारखंच, लाज मात्र प्रत्येक घरात वेगळ्या मापाने शिवलेली असते, असं ती म्हणायची. लोकांनी नाकं मुरडली, नातेवाइकांनी कानांवर हात ठेवले. एका कॉलेजने व्याख्यानाला बोलावून ऐनवेळी सभागृहाला कुलूप लावलं, तर बाई पायऱ्यांवर उभी राहून बोलली आणि पोरांनी चपलांवर बसून ऐकलं. चिवट म्हणजे किती चिवट असावं माणसानं.

तर या चिवट बाईने साठीपुढच्या माणसांचा अभ्यास काढला. संस्थेच्या संचालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"त्या वयात सांगण्यासारखं असतं काय?"

"तेच तर विचारायचं आहे, सर."

संचालक स्वतः साठीला टेकलेले, त्यामुळे त्यांना हा विषय जरा जास्तच नकोसा होता. तरी त्यांनी होकार दिला, एका अटीवर. वर्षअखेरपर्यंत हाती काही लागलं नाही तर अभ्यास बंद, आणि मुलाखतींसाठी दिलेली जिन्याखालची खोली ग्रंथालयाला.

ती खोली धाकटीने स्वतः लावली होती. दोन खुर्च्या, पण समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी, खिडकीकडे तोंड करून. समोर कुणी बसलं की माणूस सावरून बोलतो आणि शेजारी बसलं की खिडकीला खरं सांगतो, हा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव. दार घट्ट लागायचं. पंखा मुद्दाम घरघर करणारा ठेवलेला, म्हणजे आतलं बाहेर ऐकू जाऊ नये.

एवढं सगळं करूनही माणसं बोलेनात. एक निवृत्त अधिकारी आले आणि रक्तदाबावर बोलून गेले. एक जोडपं आलं, त्यांनी नातवंडांची हुशारी सांगितली. एक आजी तर खुर्चीत बसल्या बसल्या मस्त झोपल्या. वर्ष सरत आलं. हा अभ्यास बुडाला तर या वयाच्या माणसांना पुन्हा कुणी विचारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अशात एके सकाळी तिची आईच संस्थेत येऊन उभी राहिली. आई म्हणजे शाळेतली निवृत्त व्यायामशिक्षिका. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मुलाला सरळ उभं करावं.

"मला बोलायचं आहे," ती म्हणाली.

"काय झालं? घरी सांगायचंस ना."

"घरचं नव्हे. तुझ्या त्या खोलीत बसून बोलायचं आहे."

धाकटी क्षणभर गोंधळली. मग तिने नियम सांगितला. आपल्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही आणि नंतर ऐकायचीही नाही. तिची सहकारी समुपदेशक होती, तीच आईबरोबर बसेल.

"उत्तम," आई म्हणाली. "तू नसलीस तर बरंच."

दार लागलं. पंखा बिचारा जिवाच्या आकांताने घरघरत होता, पण आईच्या आवाजापुढे त्याचं काय चालणार? पहिले दोन शब्द बाहेर येताच धाकटी उठली आणि सरळ फाटकापाशी जाऊन उभी राहिली. तिथे एक चालक गाडी पुसत होता. त्याने गाडी पुसून पुन्हा एकदा पुसली, तरी आई बाहेर आली नाही. आली तेव्हा लेकीकडे न बघता म्हणाली, "येते गं," आणि बस पकडून घरी गेली.

समुपदेशक बाईचे डोळे लाल झाले होते. "कामाचं बोलल्या," एवढंच ती म्हणाली. ध्वनिमुद्रण तिने कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःकडे. धाकटीने काही विचारलं नाही. ती लग्नाच्या फंदात न पडलेली, पहिल्यापासून आईवडिलांकडेच राहणारी, आणि वडील जाऊन चार वर्षं झालेली. दादा-वहिनी वेगळे राहणारे, म्हणजे घरात त्या दोघीच. दोघींनी समोरासमोर बसून जेवण केलं आणि भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलल्या.

संचालकांच्या कानावर गेलंच. त्यांनी धाकटीला बोलावलं.

"एकजण बोललं म्हणे. मला ऐकवा. पटलं तर पुढच्या वर्षीही चालू ठेवू."

"नाही ऐकवता येणार, सर. बोलणाऱ्याला तसा शब्द दिलाय."

"अहो, मी संस्थेचा प्रमुख आहे."

"असाल. ती मुलाखत मीसुद्धा ऐकलेली नाही."

"मग त्यात काही आहे हे कशावरून?"

कुणाची मुलाखत हे सांगितलं असतं तरी शब्द मोडला असता. संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सोमवारी खोली रिकामी करायला सांगितलं.

संध्याकाळी आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. "तोंड का उतरलंय?"

"अभ्यास बंद होतोय. संचालकांना एक मुलाखत ऐकायची आहे, आणि आम्ही देणार नाही."

"कुणाची?"

"कुणाचीच देणार नाही."

आईने टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली. धाकटीने शब्द टाकला असता तर आई नाही म्हणाली नसती. तोंडावर विचारल्यावर कोण नाही म्हणतं? म्हणूनच धाकटीने विचारलं नाही. एवढ्या वर्षांचं काम पाण्यात गेलं तरी बेहत्तर, पण बोललेल्या माणसाला भिडेत पाडायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

सोमवारी ती स्वतःच खुर्च्या बाहेर काढत होती, तोच आई समोर. बाहेर जायच्या चपला, खांद्याला पर्स.

"तुमचे साहेब कुठल्या मजल्यावर बसतात?"

"आई, तू यात पडू नकोस. तुला कुणी सांगितलंय?"

"मला कुणी सांगायला लागत नाही," आई म्हणाली आणि जिना चढायला लागली. धाकटी मागोमाग धावली.

संचालक आईला ओळखत नव्हते. आई विचारल्याशिवाय खुर्ची ओढून बसली. "मी हिची आई. खालच्या खोलीत बोलले ती मीच. तुम्हाला ऐकायचंय असं कळलं. ते यंत्रातलं कशाला हवंय, मी धडधाकट बसले आहे. विचारा."

संचालक उठले, बसले, पाण्याचा ग्लास जवळ घेतला. "तसं नव्हे, आजी, म्हणजे..."

"आजी म्हणू नका, तुम्ही काही कुक्कुलं बाळ नाही. विचारा."

"झोप वगैरे... नीट लागते?"

"झोपेचं ऐकायचं होतं का तुम्हाला?"

संचालकांनी टेबलावरचा एक कागद उचलला आणि परत होता तिथे ठेवला.

"नाही ना जमत?" आई म्हणाली, आणि तिचा तो मैदानी आवाज एकदम खाली आला. "राहू द्या. आमच्या ह्यांनाही नाही जमलं, मलाही नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना खोकला लागला. माझी झोप मोडू नये म्हणून त्यांनी वेगळं अंथरूण घातलं. खोकला गेला, अंथरूण तसंच राहिलं. मला वाटलं, त्यांना आता नको आहे. त्यांना वाटलं, मला नको आहे. दहा-बारा वर्षं आम्ही एकमेकांचा मान राखत पडून राहिलो. शेवटी दवाखान्यात नर्स म्हणाली, जरा हात धरून बसा यांचा. मी धरला. तर म्हणतात कसे, मला वाटलं तुला आवडत नाही. आणि तिसऱ्या दिवशी गेले. हे आहे आमच्या वयात सांगण्यासारखं."

धाकटी दाराला टेकून उभी होती. त्या सगळ्या वर्षांत भिंतीच्या अलीकडे टेबलाशी बसून ती जगातल्या जोडप्यांवर प्रकरणं लिहीत होती, आणि पलीकडे हे दोघं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि वडिलांची फार आठवण आली.

संचालकांनी चष्मा पुसला. मग धाकटीकडे न बघताच म्हणाले, "खोली राहू द्या. पुढच्या वर्षीचं मी बघतो."

आई उठली. दोघी बाहेर आल्या आणि जिन्यापाशी धाकटीचे पाय थांबले.

"आई, मी पलीकडच्या खोलीत होते गं. सगळ्या जगाला विचारत सुटले होते. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर थोबाडीत खाल्ली असतीस."

धाकटी रडता रडता हसली. "मग नाही विचारलं तेच बरं झालं."

"बरं कसलं?" आई कठडा धरून एक पायरी उतरली आणि थांबली. "तुझ्या थोबाडीत मारली असती. मग निजताना ह्यांना सांगितलं असतं, बघा, तुमची लेक मला काय विचारत होती. ते आधी चिडले असते. मग हसले असते. आणि मग विषय निघाला असता."