काचेच्या आतलं बाष्प

बाष्प काचेच्या आतल्या बाजूला होतं. मयुराने आधी अंगठ्याने काच पुसली, मग ओढणीच्या टोकाने. डाग हलला नाही, तेव्हा तिची खात्री झाली. तांदळाच्या दाण्याएवढा धुरकट ठिपका, यंत्राच्या छोट्या पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. फ्रिजमधून काढलेल्या वस्तूवर बाहेरून दव धरतं, ते साहजिक आहे. आतून धरत असेल, तर कुठून तरी हवा आत जाते आहे.

हा लॉगर खाप्याच्या सरकारी दवाखान्यातून परत आला होता. लसींच्या फ्रिजमध्ये ठेवायचं, तापमान मोजून नोंदवणारं हे छोटं यंत्र मयुराने स्वतः आखलं होतं. तिच्या आणि धाकट्या भावाच्या, दुर्गेशच्या, कंपनीचं ते एकमेव उत्पादन, आणि आरोग्य विभाग हा एकमेव ग्राहक. टेंडर मिळालं तेव्हा स्वतःचा कारखाना उभारायला वेळ नव्हता, म्हणून जोडणीचं काम हिंगण्याच्या रुपराव हेडाऊंकडे दिलं. मुदत पाळली गेली. यंत्रं गावोगावच्या दवाखान्यांत पोचली.

मग आणखी काही परत आली. ठिपका प्रत्येकात त्याच कोपऱ्यात.

आकडे अजून बरोबर येत होते. ओल सर्किटपर्यंत पोचली की येणार नव्हते. खराब झालेली लस चांगली समजून टोचली जाईल आणि कोणाला कळणारही नाही. हे मयुराला पहिल्याच दिवशी माहीत होतं. विभागाला कळवायला हवं, हेही. पण कळवलं की सगळा माल परत येणार आणि कंपनी बहुधा काळ्या यादीत जाणार. "आधी कारण सापडू दे," असं ती दुर्गेशला सांगत राहिली, आणि अर्धा पावसाळा उलटला.

"कारण काय शोधून राहिली तू?" हिंगण्याच्या रस्त्यावर गाडी चालवताना दुर्गेश म्हणाला. "जे झालं ते रुपरावजींच्या युनिटमध्ये झालं. करारात कलम आहे ना, ताई. जोडणीतला दोष म्हणजे जबाबदारी त्यांची. त्यांनी तसं लिहून दिलं की आपण सुटलो."

"आणि ते?"

"ते दुसरं काम पाहतील." पुढे एका कंपनीची बस होती, त्याने गाडी हळू केली. "आपल्याकडे पण माणसं आहेत. मिनल परवाच बाळंतपणाच्या रजेवरून आली. तिले काय सांगू, घरी जा म्हणून?"

मयुराने मांडीवरच्या लॉगरच्या काचेवरून पुन्हा अंगठा फिरवला.

युनिटमध्ये पोचल्यावर दुर्गेश रुपरावांच्या केबिनमध्ये गेला आणि मयुरा जोडणीच्या टेबलाशी. तिथे इंदूबाई बसत. झाकणं बसवणाऱ्या बायकांमध्ये त्या सगळ्यांत जुन्या.

"या मॅडम. आज आमची परीक्षा हाय का?"

"नाही काकू. नुसती पाहते."

"पाहा, पाहा. फोटो मात्र नका काढू. आज साडी जुनी हाय."

"काकूले हिरोईन व्हायचं हाय," पलीकडून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

झाकणाच्या कडेने एक खाच होती. तिच्यात रबराची बारीक दोरी बसवली की डबा हवाबंद होतो. इंदूबाईंनी दोरीचं टोक खालच्या डाव्या कोपऱ्यात दाबलं. मग बोटांत धरून दोरी हलकेच ओढली, खाचेत बसवली, पुन्हा ओढली, पुन्हा बसवली. चारी बाजू फिरून पहिल्या कोपऱ्यात आल्या आणि टोक कापलं. कुठे एक सुरकुती नाही. आखलेल्या रेषेसारखी दोरी.

"ओढता काहून, काकू?" मयुराच्या तोंडून घरची भाषा निघाली.

"ओढाच लागते ना. कोष्ट्याची सून हाव मी. उमरेडले माही सासू मागाजवळ बसवे मले. ढिल्लं सूत दिसलं का हातावर चापट. म्हणे, ढिल्लं सूत म्हंजे आळशी बाई. या साऱ्या पोरींले मीच शिकवलं."

सूत ताणलेलं राहतं, कारण माग त्याला धरून ठेवतो. रबराला इथे धरणारं कोणी नव्हतं. ओढून बसवलेली दोरी हळूहळू आपल्या मूळ लांबीकडे परतते, आणि तिची दोन टोकं जिथे भेटतात तिथे फट पडते. कारखान्यातल्या तपासणीत काही सापडलं नाही, कारण तोवर ती आखडलेलीच नसे. ड्रॉइंगमध्ये दोरीची जाडी होती, खाचेची खोली होती. दोरी न ओढता ठेवावी, असं कुठेच नव्हतं. ते लिहायला हवं, हे मागावर कधी न बसलेल्या मयुराला सुचलं नव्हतं.

"काकू, एक न ओढता ठेवून दाखवता?"

"अशी?" इंदूबाईंनी दोरी खाचेत नुसती सोडली. "पाहा, कशी लोळून राहिली. जावई सासरी आल्यावानी."

बायका हसल्या. मयुरा हसली नाही. इंदूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"काई चुकलं का वं, बाई?"

मयुराने स्टूल जवळ ओढलं आणि सांगितलं. सुताचं, रबराचं, कोपऱ्यातल्या ठिपक्याचं. आवाज तिने खाली ठेवला होता, पण तोवर टेबलावर सगळेच हात थांबले होते.

"साऱ्यांत असंच?"

"साऱ्यांत."

"लेकरांच्या लशी हायत ना त्या फ्रिजात?"

"हो."

इंदूबाईंनी पुढची दोरी उचलली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या तशाच बसल्या, पंगतीत वाढायला उशीर झाला की लेकरं बसतात तशा. मयुराने त्यांच्या हातांवर आपला हात ठेवला. बोटांची टोकं घासून गुळगुळीत झाली होती.

"तुमच्या हातात खोट नाही, काकू," ती म्हणाली. इंदूबाईंनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही.

केबिनमध्ये रुपरावांसमोर दुर्गेशने आणलेला कबुलीचा कागद होता. त्यांनी चष्मा लावून तो वाचून संपवला होता.

"या मॅडम. दुर्गेशभाऊ म्हणतात ते मले पटलं. काम आमच्या टेबलावरचं, तर चूकही आमचीच. तुमची कंपनी राहिली तर उद्या आम्हाले काम भेटन. तुम्हीच बुडाल्या तर आम्ही कोणाच्या भरोशावर राहाव?" ते खिसे चाचपू लागले. "माहं पेन कोण नेते, देव जाणे. भाऊ, तुमच्यापाशी हाय का?"

दुर्गेशच्या शर्टाच्या खिशात पेन दिसत होतं. त्याने ते काढलं नाही. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

मयुराने पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला.

"कोणाले लावून राहिली, ताई?" दुर्गेशने विचारलं. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि रुपरावांपुढचा कागद स्वतःच उचलून घेतला.

पलीकडे लसीकरणाचे जिल्हा अधिकारी होते.

"नमस्कार सर, मयुरा बोलते आहे. आमचे सगळे लॉगर आजच वापरातून काढा, तोवर फ्रिजमध्ये साधे थर्मामीटर ठेवायला सांगा. आतून ओल धरते आहे. दोष आमच्या ड्रॉइंगमधला आहे, जोडणाऱ्यांचा नाही. सगळा माल आम्ही परत घेतो आहोत."