पाहुण्यासारखा खेळ

समोर गोल रिकामा होता. त्यांचा गोलकीपर गवतात आडवा पडलेला आणि बॉल प्रतापच्या पायात. प्रतापने मान वर करून लेनवर्थला शोधलं आणि अगदी अदबीने बॉल मागे त्याच्याकडे दिला. लेनवर्थला दोन डिफेंडर चिकटून उभे होते. त्यांनी बॉल काढून घेतला आणि लांब भिरकावला.

"अरे मारायचा ना, गाढवा!" मी आमच्या गोलमधून ओरडलो.

"त्याला दिला की!" प्रताप तिकडून ओरडला. चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

चूक माझीच होती. सकाळी गाडीतून येताना लेनवर्थ सहज म्हणाला होता, "एक गोल मारून थांबलो तर बरं वाटेल, विलास." मी तेवढं वाक्य उचललं आणि आमच्या ग्रुपवर टाकलं: आज गोल लेनवर्थचाच. झालं. सगळ्यांनी मनावर घेतलं.

लेनवर्थ जमैकाचा. विशीत इंग्लंडला गेला आणि उमेदीची सगळी वर्षं तिथे स्ट्रायकर म्हणून खेळला. मोठ्या नावाच्या क्लबांत नाही, खालच्या डिव्हिजनमध्ये. आज या गावात तर पुढच्या वर्षी त्या गावात, भाड्याच्या खोल्या, थंडीत घोट्यापर्यंत चिखल. एकदा कपच्या मॅचमध्ये त्याने एका बड्या टीमला गोल मारला. तो टीव्हीवर दिसला तेव्हा त्याच्या आईने शेजाऱ्यांना उठवून आणलं होतं म्हणे. पुढे वय झालं, क्लबने काँट्रॅक्ट वाढवलं नाही. बायको शेरिल नर्स आहे, तिला सिडनीत नोकरी लागली म्हणून तो इथे आला. आता कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बागांचं काम करतो आणि रविवारी आमच्यात खेळतो. आम्ही म्हणजे ब्लॅकटाउन-क्वेकर्स हिल या उपनगरांतली मराठी मंडळी, बहुतेक आयटीतली, पोट सावरत पळणारी. आमचा खेळ बघवेना म्हणून तो मैदानात उतरला, असं तो सगळ्यांना सांगतो.

या महिन्यात त्याचा उजवा गुडघा बदलायचा होता. त्यानंतर फुटबॉल बंद, असं सर्जनने स्पष्ट सांगितलेलं. म्हणजे ही शेवटची मॅच.

हाफटाइमला सगळे संत्री खात बसले. लेनवर्थने घेतलं नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो अर्थात इंग्रजीत बोलतो, मी आपलं मराठीत सांगतोय.

"तू यांना काहीतरी सांगितलंयस."

मी संत्र्याच्या बिया थुंकण्यात वेळ काढला.

"तुझ्या घरी तुझी बायको मला वाढते ना," तो म्हणाला, "ताटावर हात आडवा धरला तरी श्रीखंड पडतंच. तसे हे मला बॉल वाढतायत."

सगळे हसले. तो हसला नाही.

"तुझ्या घरी मी पाहुणा आहे, मेट. इथे नाही. मला जन्मात कुणी बॉल आणून दिला नाही. मी घेतला. आपल्याच टीममेटच्या पायातून घेतला. ड्रेसिंग रूममध्ये त्यासाठी शिव्या खाल्ल्या. आणि आज तुम्ही सगळे इतके गोड वागताय की मी मेलोबिलोय की काय असं वाटतंय."

मला फार वाईट वाटलं. आम्ही आपले मान देत होतो आणि तो माणूस तिथे जिवंतपणी एकटा पडला होता.

वरुण आमच्यातला सगळ्यात तापट. तो म्हणाला, "म्हणजे मी गोल मारला तर चालेल?"

"मार. प्लीज मार."

वरुणने शब्द पाळला. दुसऱ्या हाफमध्ये त्याने लेनवर्थकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि त्याचं बघून बाकीच्यांनीही. खेळ खेळासारखा झाला. पण लेनवर्थला बॉल मिळेना. तो नुसता लंगडत पळत होता. कॅप्टन म्हणून मी त्याला बाहेर बोलवू शकलो असतो. एकदा त्याने माझ्याकडे पाहिलंही. मी झटकन बुटाची लेस बांधायला वाकलो.

मॅच संपत आली होती, दोघांचेही शून्य. वरुण उजवीकडून एकाला चकवून आत घुसला. शॉट मारला. गोलकीपरने अडवला, पण बॉल सुटून परत वरुणच्याच पुढ्यात आला. आता फक्त ढकलायचा. वरुणने पाय उचलला आणि कुठून कोण जाणे लेनवर्थ मधे घसरला. उजव्या बुटाच्या टोकाने बॉल आत. दोघं एकमेकांवर कोसळले.

"माझा होता तो!" वरुण अस्सल पुणेरी मराठीत किंचाळला. "डोळे फुटले का तुझे? लाज वाटत नाही म्हाताऱ्या, तोंडातला घास काढतोस?"

लेनवर्थला मराठी येत नाही, पण एवढं कुणालाही कळेल. तो गवतात उताणा पडून खदाखदा हसत होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. आम्ही जिंकलो, त्याचं कुणाला विशेष काही नव्हतं. सगळे भांडण ऐकायला गोळा झाले होते.

गाड्यांपाशी येईपर्यंत वरुणचं चालूच.

"मेट, आय हॅड इट! विलास, ग्रुपवर माझं नाव टाक. नाहीतर मी पुढच्या रविवारी येत नाही."

"टाक की त्याचं नाव," लेनवर्थ म्हणाला. "गोल माझा आहे."

माझ्या गाडीचं दार उघडून तो सीटवर बाहेरच्या बाजूला पाय सोडून बसला. उजवा गुडघा वाकेना. माझा हात पुढे गेला होता, तो मी खिशात घातला. लेनवर्थने दोन्ही हातांनी पाय उचलला, सावकाश आत ठेवला आणि घामाचं तोंड पुसलं.

"बॉल या पायाला लागला," त्याने वरुणला सांगितलं आणि दार ओढून घेतलं.