तीनच्या वरचे आकडे

आमच्या घरात दोन ठेंगू आहेत: एक माझी आत्या आणि दुसरा तिचा तारा. हा विनोद बाबांचा. ते तो दर रविवारी नव्याने सुचल्यासारखा करतात आणि आत्या दर रविवारी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

तारा खरोखर ठेंगणा आहे. सूर्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा, लालसर, थंड. थंड म्हणजे ताऱ्यांच्या मानाने थंड, हात लावायला जाऊ नका. नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. पण असले छोटे तारेच भलते तापट असतात, असं आत्या सांगायची. का, ते समजावताना तिने एकदा माझी वेणी धरली आणि पिळत गेली, पिळत गेली. वेणी ताठ झाली, तिला वेटोळी पडली, आणि आत्याने सोडली तशी ती फटकन माझ्याच गालावर बसली. ताऱ्याच्या पोटात सगळं ढवळत असतं, वर तो स्वतःभोवती गरगरत असतो. त्यात त्याचं चुंबकत्व असंच पिळलं जातं, शेवटी तटकन तुटून नव्याने जुळतं, आणि भडका उडतो. काही क्षणांत तारा कित्येक पटींनी उजळतो. मग सावकाश निवतो.

आत्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. मुलांना भिंगं काढून द्यायची, मोजून परत घ्यायची. पण गच्चीवरची सरकत्या छपराची पत्र्याची खोली तिची होती आणि आतली दुर्बीण तिने स्वतः जुळवलेली. नऊ वर्षं तिने या एकाच ताऱ्यावर पहारा ठेवला. चिमटा काढल्यासारखे बारीक भडके बरेच मिळाले. मोठा एकही नाही.

यंदा कॉलेजला ती गच्ची सौर पॅनेलसाठी हवी झाली. विभागप्रमुख तिला म्हणाले की सत्र संपेपर्यंत दाखवण्यासारखा एक तरी भडका हाती लागला, तर खोलीसाठी ते वर शब्द टाकतील. आत्याने हे आम्हाला जेवताना सांगितलं आणि घास तसाच हातात धरून बसली.

मी तिची मदतनीस होते. रात्री दुर्बीण आपली आपण चालायची, मिनिटाला एक फोटो. कॉम्प्युटर ताऱ्याची तुलना शेजारच्या दोन शांत ताऱ्यांशी करून एक आकडा मांडायचा. नेहमीचा उजेड म्हणजे एक. सकाळी शाळेच्या आधी मी जाऊन तक्ता तपासायची. विमान गेलं, ढग आला, समोरच्या वसतिगृहात कुणी गच्चीवरचा दिवा लावला, की आकडे बिघडतात. असा आकडा दिसला की आधी त्याचा फोटो उघडून बघायचा आणि मगच तो खोडायचा, हा आत्याचा नियम. शेवटी सगळे फोटो पुसायचे, कारण त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या रात्रीपुरतीसुद्धा जागा नसायची.

आता, गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलाही पुटपुटत 'हजर' म्हणणारी मुलगी होते. यंदा वक्तृत्वात पहिली आले, मॉनिटर झाले, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत तयार असायला लागलं. आत्याच्या तक्त्यावरही. तीनच्या वरचा जो जो आकडा मी उघडून पाहिला, तो विमान किंवा दिवाच निघाला होता. मग मी एक सूत्र बसवलं: तीनच्या वरचं सगळं आपोआप गायब. अर्ध्या तासाचं काम दहा सेकंदांत. आत्याला सांगितलं की माझा हात आता बसलाय. तिने पाठ थोपटली आणि तक्ता पुरता माझ्यावर सोपवला. मी फोटो बघत नाही, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, नाहीच सांगितलं.

एका गुरुवारी तक्ता उघडला तर त्यात एक आकडा असा काही फुगला होता, की मी एकटीच खुदकन हसले. कुणीतरी थेट दुर्बिणीत बॅटरी मारली असणार. सूत्र चालवलं, फोटो पुसले, आणि शाळेची घंटा व्हायच्या आत पोचले.

सत्र संपलं. शनिवारी दुपारी आम्ही दुर्बीण उतरवली. पॅनेलचे सांगाडे जिन्यात येऊन उभेच होते. आत्याने भिंग पुसलं, जुन्या चादरीत गुंडाळलं, गाठ मारली, सोडली, परत मारली. "त्याला काही घाई नाही गं," ती म्हणाली. "घाई आपल्याला होती."

मला तिला काहीतरी द्यायचं होतं. म्हणून मी लांबलचक कागदी पट्टी जोडून तिच्या ताऱ्याची शेवटच्या काही रात्रींची नोंद आलेखात काढायला घेतली, तिच्या खोलीच्या भिंतीवर लावायला. तीन दिवस ठिपके देत होते. मग तो गुरुवार आला.

एक, एक, एक. मग चार मिनिटं काहीच नाही. मग दोन पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक सहा. दोन पूर्णांक दोन. अर्धा तास तो हळूहळू उतरत होता, थेट एकपर्यंत.

दिवा विझतो तो एकदम विझतो. विमान एका फोटोत येतं, दुसऱ्यात नसतं. असं सावकाश निवणारं काय असतं, हे मला माझ्याच वेणीवरून शिकवलेलं होतं.

पेन्सिल खाली ठेवली. पट्टी फाडून टाकावी, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण आत्या शेजारच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पट्टी घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. सूत्र, न बघितलेले फोटो, बॅटरी. वक्तृत्वातली पहिली मी, पण शब्द गोळा करावे लागत होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उतारावरून बोट फिरवलं, खालून वर, आणि रिकाम्या जागेशी थांबली.

"किती होता?"

मला आकडा आठवत नव्हता. हसलेलं आठवत होतं, गच्चीवरच्या खोलीतल्या बाकाचा गार पत्रा आठवत होता, आकडा नाही. मी अंदाजाने शिखर काढून देऊ का, असं विचारलं.

"नको. जे पाहिलं नाही ते काढायचं नाही. रिकामं ठेव." मग म्हणाली, "पण मला सांग तरी."

तिने पट्टी भिंतीला लावून धरली आणि मोकळा हात त्या दोन पूर्णांक नऊच्या ठिपक्यावर ठेवला.

"एवढा?"

"अजून."

हात वीतभर वर गेला. "एवढा?"

"अजून, आत्या."

ती टाचा उंचावून उभी राहिली, हात ताणून, मान मागे टाकून वर बघत. तिचा हात तिथेच संपत होता. आणि तिला कुठे थांबवायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

"अजून," मी म्हणाले.