वाढलेली धार

“बूट काढा, साहेब. चिंचंच्या खाली पायात घालून कुनी उतरत न्हाई.”

धुरपताबाईनं हे अशा सुरात सांगितलं, की लातूरहून जीपनं पाहणीला आलेले साहेब मुकाट्यानं दगडावर बसून नाड्या सोडू लागले. तिनं आपल्या वहाणा चिंचेच्या बुडाशी ठेवल्या आणि सत्तरीतल्या गुडघ्यांना न जुमानता ती घळीत उतरू लागली. मागून तिचा मुलगा, गावचा सरपंच रामकिशन, आईची नजर चुकवत येत होता.

तशी चूक त्याची नव्हती. अर्जी त्यानं लिहिली, शब्द आईचा होता. ‘आमची धार आटली’ एवढं त्यानं वाचून दाखवलं आणि ती कडाडली, “मुडद्या, आटली म्हनतोस? बांगडी फुटली म्हनतोस का कधी? वाढली म्हनतोस. खोड ते!” धारेची ओटी भरायचा मान या घराचा. रामकिशननं खोडलं आणि लिहिलं, ‘धारेचं पाणी वाढलं आहे, तरी टँकर चालू ठेवावा.’

उस्मानाबादेतून निघून लातूरचा वेगळा जिल्हा झाल्याला चार वर्षं होत आली होती. आता कागद लवकर हलेल म्हणून गाव खूश होतं. कागद खरंच लवकर हलला. आठ दिवसांत टँकर बंद झाला.

खाली नदीत नुसते धोंडे होते. समोरच्या कड्याच्या पोटातून झरा फुटायचा आणि दोन पुरुष उंचीवरून खाली पडायचा. बहात्तरच्या दुष्काळातही मनगटाएवढी धार होती. अंगाला हळद असताना सासूनं धुरपताला तिच्याखाली उभं केलं होतं. नवरा केरबा गेला, तेव्हा तिचा चुडाही इथंच वाढवला. आता कड्यावर नुसता काळा ओघळ उरला होता, आणि एका कपारीतून थेंब गळत होता. सून सिंधू त्याखाली वाटी धरून बसली होती.

“सकाळधरून बसलीस, अन् निम्मी घागर?”

“मग काय दगड पिळू, आत्याबाई?”

साहेबांनी अर्जी काढली. “आजी, पाणी वाढलंय असं लिहिल्यावर आम्ही टँकर कसा पाठवावा?”

“तुमच्या घरी बायामान्सं हायत न्हवं? बांगडी वाढली म्हंजे काय, इचारा त्यांना.”

साहेबांनी कड्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “मला कळलं. ऑफिसातल्या कागदाला कळायचं नाही. पंचनाम्यात साफ शब्द लागेल. धार सांभाळणाऱ्याच्या तोंडचा.”

“न्हाई म्हनलं तर?”

“तर टँकर नाही.”

सिंधूनं वाटी घागरीत रिकामी केली.

धुरपताबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. कड्याकडे पाठ केली. आणि पोराच्या कानाशी कुजबुजल्यासारखी म्हणाली, “लिही. आटली.”

“आई…”

“लिही म्हनलं न्हवं! अन् सुद्द लिही. मागल्या वक्ताला तुजं अक्षर लई गोल आलं हुतं.”

तिला नाव तेवढं लिहिता येत होतं. धु, र, प, ता, बा, ई. मांडीवर पाटी घेतल्यासारखा कागद धरून तिनं एकेक अक्षर काढलं. साहेबांनी घाई केली नाही. तिनं कागद दिला आणि घागरीतून तांब्याभर पाणी काढून त्यांच्यापुढं धरलं.

“नको आजी. तुम्हालाच पुरत नाही.”

“प्या. धारंवर आलेला मानूस तहानेला जात न्हाई.”

साहेब उभ्यानंच पिऊ लागले होते. ते खाली बसून प्याले.

वर चिंचेखाली साहेबांनी नाड्या बांधल्या, रामकिशननं चपला चढवल्या. जीप धुरळा उडवत गेली. वैशाखाची वाट तव्यासारखी तापली होती.

“आई, वहाना घाल की.”

“तू चल म्होरं.”

वहाणा हातात धरून ती घरापर्यंत अनवाणी चालत गेली.